पेकहॅमचा तलाव, जामखेडचा चेंडू
(एका तालुका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

दारावर ‘आरोग्य’ अशी पाटी लागली की गावातली बरीच माणसं त्या दाराकडे फिरकत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली, तेव्हा हे रोज दिसायचं. ओपीडीत येणार कोण? तापानं फणफणलेला, कुत्रं चावलेला, दिवस भरलेली. ज्याचं हातीपायी धड आहे तो म्हणतो, मला काय धाड भरलीय? तपासणी शिबिर लावा, मांडव घाला, गावभर रिक्षा फिरवून पुकारा करा. रांगेत पुढे उभे असतात ते आधीच शुगरच्या गोळ्या घेणारे. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं: “डॉक्टर, तपासलं की काहीतरी निघतंच. उगाच कशाला डोक्याला ताप?”

हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तपासलं की निघतं, हे खरंच आहे. किती निघतं आणि निघाल्यावर काय करायचं, याचा मोठा प्रयोग लंडनमध्ये झाला. तिथून सुरुवात करतो.

दक्षिण लंडनमधली पेकहॅम ही वस्ती. कारागीर, कामगार, छोटे नोकरदार राहायचे. अगदी दरिद्री वस्ती नव्हती, आणि ती मुद्दाम तशी निवडली होती, कारण उपासमार आणि बेकारी बाजूला ठेवून साध्या कमावत्या माणसाची तब्येत कशी असते, ते बघायचं होतं. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पियर्स या दोन डॉक्टरांनी १९२६ मध्ये तिथे एका लहानशा घरात काम सुरू केलं. आसपासच्या कुटुंबांनी थोडी वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि अधूनमधून सगळ्यांनी तपासून घ्यायचं, इतकंच. तपासणीत दोष सापडायचे. माणसं इलाज करून घ्यायची आणि पुन्हा त्याच कोंदट घरात, त्याच एकलकोंड्या दिनक्रमात परत जायची. मग पुढच्या तपासणीत नवं काही निघायचं. तीन वर्षांत दोघांच्या लक्षात आलं की नुसत्या तपासणीनं भागणार नाही, माणसाची संध्याकाळच बदलायला हवी. १९२९ मध्ये त्यांनी ते घर बंद केलं आणि पैसे जमवायला लागले.

१९३५ मध्ये नवी इमारत उघडली. ती बांधली ओवेन विल्यम्स या इंजिनियरनं. इमारतीच्या मधोमध पोहण्याचा तलाव, वर काचेचं छप्पर. बाजूला व्यायामशाळा, नाटक-नाचासाठी सभागृह, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, आणि आपलं आपण वाढून घ्यायचं असं उपाहारगृह. आतल्या बऱ्याच भिंतीसुद्धा काचेच्या. चहाचा कप घेऊन बसलात की समोर तलावात कोण उडी मारतंय ते दिसणार, पलीकडे कोण दोरीला लटकलंय ते दिसणार.

या काचेमागे हिशोब होता. “व्यायाम करा” असं सांगून कुणी व्यायाम करत नाही. पण शेजारची आपल्याच वयाची, आपल्याइतकीच जाड बाई पाण्यात हातपाय मारताना रोज दिसली, तर कधीतरी मनात येतं, हिला जमतं तर मला का नाही? ऑलिंपिकवीर दाखवून हे होत नाही, माणूस उलट जास्तच घट्ट खुर्चीत बसतो. आपल्याहून जेमतेम पायरीभर पुढे असलेलं माणूस दिसावं लागतं. शिक्षक, सूचना, वेळापत्रक यांच्यावर या दोघांचा भरवसा कमी होता, एकमेकांकडे बघण्यावर जास्त.

सभासदत्वाचे नियम मोजकेच. आठवड्याला एक शिलिंग, आणि तोही अख्ख्या कुटुंबाचा मिळून. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. घर इतक्या अंतरावर हवं की बाबागाडी ढकलत चालत येता यावं. आणि वर्षातून एकदा सगळ्या कुटुंबानं तपासणी करून घ्यायची. बाकी कधी यायचं, काय करायचं, ज्याचं त्यानं ठरवावं.

मुलांचा किस्सा सांगतो. इमारत उघडली तेव्हा पोरांनी धुमाकूळ घातला. जिन्यावरून धावणं, आरडाओरडा, वस्तूंची मोडतोड. कर्मचारी वैतागले, शिस्त लावा म्हणाले. स्कॉट विल्यमसन ऐकेनात. कवायत-मास्तर ठेवायचा नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. लुसी क्रॉकर नावाच्या बाईंकडे मुलांचं काम होतं. त्यांनी चिठ्ठीची पद्धत काढली. मुलाला स्केट्स हवेत, चेंडू हवा, व्यायामशाळेत जायचंय, तर चिठ्ठी घ्यायची आणि ती दाखवून हवं ते मिळवायचं. मुलाला वाटतं मी माझ्या मर्जीनं खेळतोय, आणि त्याच चिठ्ठ्यांवरून डॉक्टरांना कळतं की कोणतं मूल काय करतंय. धुमाकूळ काही महिन्यांत आपोआप ओसरला. करण्यासारखं काही मिळालं की मोडण्यातली मजा जाते. आपल्याकडे हे पालकांना पटवणं अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आता तपासणीकडे येऊ. रक्त, लघवी, दात, डोळे, सगळं बघायचे. मग आई-वडील आणि मुलं यांना एकत्र बसवून काय सापडलं ते साध्या भाषेत सांगायचे, आणि गप्प बसायचे. औषध द्यायचे नाहीत, उपदेश तर नाहीच. इलाज हवा असेल तर नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा इस्पितळात जा. ठरवायचं कुटुंबानं. आम्हा डॉक्टर मंडळींना यातली सगळ्यात कठीण गोष्ट कुठली वाटेल सांगू? गप्प बसणं.

आणि सापडलं काय? दहातल्या साधारण नऊ जणांत काही ना काही दोष. कित्येक बायकांच्या रक्तात लोह कमी. पण यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नव्हता. थकवा हा आयुष्याचाच भाग समजून ती माणसं चालत होती. हे ऐकून लंडन दूरचं वाटत असेल तर घरचा आकडा सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. यातल्या किती जणी “मला अशक्तपणा आहे” म्हणून दवाखान्यात येतात? येतात त्या पाठ दुखते म्हणून, नाहीतर नातवाला घेऊन.

पेकहॅमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकटं राहणारं माणूस बाहेर राहिलं. आठवड्याचा शिलिंगही ज्याला जड, तोही बाहेर. आणि या दोन डॉक्टरांचं लिखाण वाचायला घेतलंत तर जीवशास्त्राच्या अशा काही गुंत्यात शिरतं की मीही पानं उलटली आहेत. पण पोहायला येणाऱ्या माणसाची जाता जाता तपासणी व्हावी, ही त्यांची मांडणी मला आजही पटते. माणसं तलावासाठी यायची. तब्येत मागच्या दारानं आत यायची.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, नंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. दुष्काळी मुलूख. हजार जिवंत जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. खेड्यात जाऊन आरोग्यावर भाषण दिलं असतं तर ऐकायला कोण बसणार? आरोळ्यांनी व्हॉलीबॉल आणला.

संध्याकाळी पोरं खेळायला जमू लागली. खेळ म्हटला की भिडू लागतात, आणि भिडू मोजताना जात बघून चालत नाही. खेळून झालं की घाम पुसत गप्पा. शेतीच्या, पाण्याच्या, बियाण्याच्या. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. मग महिला मंडळं. या मंडळांच्या गप्पांमध्ये गुरं आणि कर्ज होतं तसं हगवण आणि बाळंतपणही आलं, पण ते नंतर.

पाण्याची गोष्ट तर आरोग्य खात्यातल्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. बोअर घ्यायच्या होत्या. जागा दाखवायला आलेल्या भूवैज्ञानिकाला आरोळ्यांनी आधीच सांगून ठेवलं की जागा दाखवायची ती दलित वस्तीतच. हातपंप तिथे बसला. गावाला पाणी हवं, तर तिथेच यावं लागणार. अस्पृश्यतेवर एक शब्द न बोलता सगळ्या जातींच्या घागरी एका रांगेत आल्या. याला तुम्ही आरोग्याचं काम म्हणाल की समाजसुधारणेचं? मला तरी यात रेघ मारता येत नाही.

गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं गेलं, ते तुम्ही ऐकलंच असेल. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे दोनेक दशकांत तिथला बालमृत्यूदर वीसच्या घरात आला. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी थांबत नाही. मला आज फक्त चेंडूवर बोट ठेवायचं होतं.

आता आपल्या गावात येतो. मागे बसलेल्यांनी जरा पुढे या, कारण हे तुमच्याबद्दलच आहे.

प्रत्येक गावात एक समाजमंदिर असतं. काही गावांत दोन, तीन. आमदार निधीतून एक, खासदार निधीतून एक, दलित वस्तीच्या योजनेतून एक. आत काय असतं? निवडणुकीतले बॅनर, भजनी मंडळाचा फुटका पखवाज, ग्रामपंचायतीच्या मोडक्या खुर्च्या आणि कोपऱ्यात सिमेंटच्या गोणी. उघडतं कधी? कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, लसीकरणाचा दिवस आणि मतदान. एरवी कुलूप. किल्ली कुणाकडे? विचारलं की नावं फिरत राहतात.

आपल्याकडे चालू जागा कधी नव्हतीच, असं नाही. कोल्हापूरच्या तालमी बघा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि पेठापेठांतल्या तालमी बहरल्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथे पेठेतलं भांडण मिटायचं, आजाऱ्याला न्यायला चार गडी तिथूनच निघायचे, आणि कोण खुराक खातो नि कोण दारूच्या नादाला लागलाय हे वस्तादाच्या नजरेतून सुटायचं नाही. उणीव इतकीच की ती फक्त पुरुषांची होती. अर्धी पेठ बाहेर.

आणि हीच अडचण समाजमंदिराला आहे, दोन बाजूंनी. एक म्हणजे बाई तिथे विनाकारण जाऊन बसू शकत नाही. बचत गटाची बैठक असेल, हळदीकुंकू असेल तर ठीक. नुसतं जाऊन बसली तर संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर जातं. दुसरी बाजू जास्त अवघड. हे समाजमंदिर ‘त्यांचं’ आणि ते ‘आपलं’, असं गावात पक्कं ठरलेलं असतं. वस्त्यांप्रमाणे समाजमंदिरं वाटून टाकून आपण आरोळ्यांच्या बोअरच्या नेमकं उलट केलंय.

सरकारकडे योजना नाहीत, असं मी म्हणणार नाही. आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. रक्तदाब-शुगर तपासतात, योगवर्ग घेणंही त्यांच्या कामात येतं. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती कागदावर आहे, काही गावांत कागदाबाहेरही आहे. आशाताई तर घरोघरी फिरतेच. पण हे सगळे लोक शेवटी आरोग्याची पाटी घेऊनच दारात येतात.

आणि सगळंच सरकारवर सोडायचं म्हणाल, तर पेकहॅमचा शेवट ऐका. १९३९ मध्ये युद्ध लागलं आणि केंद्र बंद पडलं, इमारतीत युद्धसामग्री तयार होऊ लागली. युद्धानंतर जुन्या सभासदांनी स्वतः खटपट करून १९४६ मध्ये ते पुन्हा उघडायला लावलं. पण १९५० मध्ये ते कायमचं बंद झालं. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली होती, आणि या केंद्राला बसवायला तिच्यात चौकट नव्हती. ती आजाऱ्यांसाठी, हे धडधाकटांसाठी. ती सगळ्यांना मोफत, इथे वर्गणी. ती देशभर, हे एका वस्तीपुरतं. चांगल्या सरकारनंच, चांगल्या योजनेच्या काळात, ते मरू दिलं. आज तिथे फ्लॅट आहेत.

तेव्हा माझं मागणं फार छोटं आहे, आणि ते ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मांडता येतं. गावातलं एक समाजमंदिर निवडा. शक्यतो दलित वस्तीतलं. दुपारी तीन ते पाच, बायका रिकाम्या असतात तेव्हा, ते रोज उघडं ठेवा. किल्ली एका बाईकडे द्या आणि तिला त्याचं मानधन द्या. दिवा, पंखा, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी कडी लागणारा संडास, एवढं आधी करा. संडास नसेल तर बाकीचं करूच नका, कुणी थांबणार नाही. मग शिवणयंत्र ठेवा, कॅरम ठेवा, मुलींसाठी दोरीच्या उड्या ठेवा, जे गावाला हवं ते. आशाताईला म्हणा, पहिले सहा महिने फक्त येऊन बस, रजिस्टर पिशवीतच राहू दे. हिमोग्लोबिनचं नाव कुणी काढलं तर उत्तर दे.

सरपंच बाई हात वर करताहेत. बोला ताई, विजेचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं, हेच विचारणार आहात ना?