रुपयाच्या जागी चौकोन का येतो?

नमस्कार मंडळी! हे बघा, कोटेशन बनवलं, आपल्या लॅपटॉपवर ₹ एकदम झकास, आणि समोरच्याच्या पीसीवर तिथं रिकामा चौकोन. लगेच फोन येतो, फाइल करप्ट झालीय! अहो नाही, फाइल ठणठणीत आहे.

फाइलमध्ये चिन्हाचं चित्र नसतंच, नंबर असतो. जगभरच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला एक ठरलेला नंबर देणारी यादी म्हणजे युनिकोड. ₹चा युनिकोड नंबर २०बी९ (20B9), तो अमुक फॉन्टमध्ये दाखव एवढंच लिहिलेलं असतं. आता तो फॉन्ट त्या मशीनवर नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा लावतो आणि वरच्या बॉक्समध्ये नाव मात्र जुन्याचंच दाखवत राहतो, लिब्रेऑफिस (वर्डसारखंच फुकट सॉफ्टवेअर) निदान ते नाव तिरकं तरी करतं, हे मला जाम आवडतं. कधी फॉन्ट असतो पण त्यात हे एकच चिन्ह नसतं, मग तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट उसना घेतला जातो, म्हणून ₹ कधीकधी शेजारच्या आकड्यांपेक्षा जाड नाहीतर बुटका दिसतो. कुठेच नाही सापडलं की चौकोन.

चिन्ह तसं नवीनच ना. उदय कुमार यांचं डिझाइन जुलै २०१० मध्ये मंजूर झालं, ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून! तेव्हा एक जुगाड फिरत होता, टॅबच्या वरच्या बटणावर रुपया बसवलेला फॉन्ट. खरा डेंजर प्रकार तो. कारण फाइलमध्ये रुपया नसतोच, त्या बटणावरचं उलटं टिचभर चिन्ह असतं, फॉन्ट बदलला की रकमेआधी तेच उभं. कृतिदेव, श्रीलिपी या युनिकोडआधीच्या देवनागरी फॉन्टमधल्या जुन्या फाइलींचंही हेच दुखणं, युनिकोड फॉन्ट लावून मराठी येत नाही, कन्व्हर्टरच लागतो.

ओळखायचं कसं? वर्डमध्ये चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवा, ऑल्ट धरून एक्स दाबा. २०बी९ आलं तर खरा रुपया, परत ऑल्ट एक्स केलं की चिन्ह परत. मग ते सिलेक्ट करून निर्मला यूआय हा फॉन्ट लावा, विंडोज ८ पासून तो असतोच.

आणि पाठवायच्या आधी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथं फॉन्ट एम्बेड करायच्या, म्हणजे फाइलमध्येच भरून पाठवायच्या, ऑप्शनवर टिक, फक्त फॉन्टच्या लायसन्समध्ये परवानगी नसेल तर ते होणार नाही. समोरच्याला एडिट करायचंच नसेल तर कशाला एवढी झिगझिग, सरळ पीडीएफ द्या.