चौथा रकाना

[दृश्य: टेबलावर अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक. पानं उलटली जातात.]

गावातल्या किंवा शहरातल्या कामांवर पैसा कुठे खर्च व्हावा हे नागरिकांनीच सुचवायचं आणि ठरवायचं, याला लोकसहभागातून अंदाजपत्रक म्हणतात. त्यासाठी आधी हे पुस्तक वाचता यायला हवं. स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात एका कामापुढे साधारण तीन आकडे असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाची तरतूद किती. बहुतेक जण फक्त तरतूद वाचतात. पण तरतूद म्हणजे परवानगी, खर्च नव्हे. सलग दोन वर्षं तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च शून्य दिसला, तर ते काम कुठेतरी अडलेलं आहे. नागरिकांचा पहिला प्रश्न तिथूनच निघायला हवा.

दुसरा प्रश्न पैशाचा. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिलं आणि कर्जाचे हप्ते यांना हात लावता येत नाही. लोकांनी ठरवावं असा भाग उरतो तो मुख्यतः भांडवली कामांत, म्हणजे रस्ते, बागा अशा नव्या बांधकामांत, आणि तो लहान असतो. तो आकडा नागरिकांच्या पहिल्याच बैठकीत सांगितला नाही की मागण्यांच्या याद्या फुगतात.

[दृश्य: पोर्तो अलेग्रे शहराचा नकाशा.]

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात नेमकं हेच झालं. महापौर ऑलिव्हियो दुत्रा यांच्या काळात, 1989 साली, तिथे लोकसहभागातून अंदाजपत्रक करायला सुरुवात झाली. वस्त्यावस्त्यांतून मागण्या आल्या, पण उत्पन्नाचा बहुतांश भाग पगारातच जात होता. कामं झाली नाहीत आणि पुढच्या वर्षी बैठका ओस पडल्या. कररचना सुधारून गुंतवणुकीला पैसा मोकळा झाला, तेव्हा माणसं परत आली.

या शहराची खरी देणगी म्हणजे गुण देण्याची पद्धत. कोणत्या भागाला किती मिळणार हे तीन गोष्टींवर ठरे: सोयीची उणीव, लोकसंख्या आणि त्या भागानेच दिलेला प्राधान्यक्रम. समजा, उणिवेला 4, लोकसंख्येला 2 आणि प्राधान्याला 5 असं वजन आहे. एका लहान वस्तीत जवळजवळ सगळे रस्ते कच्चे: उणिवेचे 4 गुण, लोकसंख्येचा 1, प्राधान्याचे 4. गुणिले वजन, बेरीज 38. दाट लोकसंख्येच्या, पण बऱ्यापैकी पक्के रस्ते असलेल्या भागाला 1, 4 आणि 4 गुण, बेरीज 32. लहान वस्ती पुढे गेली, आणि का गेली हे कुणालाही कागदावर पडताळता येतं. ओरडणाऱ्याचा आवाज या गणितात मोजलाच जात नाही.

[दृश्य: मोजपट्टी. पदपथाची कड.]

आता मागणी कशी लिहायची ते. 'पदपथ सुधारावा' या वाक्याचा खर्च कोणताही अभियंता काढू शकत नाही. 'या चौकापासून त्या शाळेच्या फाटकापर्यंत, 120 मीटर लांब, दीड मीटर रुंद' असं लिहिलं की 180 चौरस मीटर झाले; दराने गुणायचं. त्यावर खोदाई, खांब हलवणं, कर आणि आकस्मिक खर्च चढतो. नागरिकांचा अंदाज कमी पडतो तो बहुधा इथेच. सोबत तीन खुलासे हवेत: जागा कुणाच्या मालकीची, खाली कोणत्या वाहिन्या आहेत आणि हे काम या संस्थेच्या अधिकारात येतं का. जागा दुसऱ्या खात्याची निघाली, तर मतदान जिंकलेलं कामही वर्षानुवर्षं ना-हरकत पत्राची वाट पाहतं. देखभाल हा तर विसरलाच जाणारा भाग. बाग भांडवली पैशातून होते, माळी मात्र दरवर्षीच्या महसुली खर्चातून लागतो.

अर्ज घेण्याची मुदत पुढचं वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधी संपायला हवी. मसुदा छापून झाल्यावर आलेली सूचना ऐकून घेतली जाते, एवढंच.

[दृश्य: मतपेटी.]

मतदानातही खाचा आहेत. सर्वाधिक मतं मिळालेली कामं क्रमाने घेत गेलं आणि 60 टक्के मतदार एकाच बाजूचे असले, तर सगळा पैसा तिकडे जाऊ शकतो; उरलेल्या 40 टक्क्यांना काहीच नाही. त्यावर समान वाट्याची पद्धत आहे. रक्कम मतदारांत सारखी वाटली असं धरायचं. एखाद्या कामाच्या पाठीराख्यांच्या वाट्यातून त्याचा खर्च भागला, तरच ते मंजूर. पोलंडच्या व्येलिच्का या गावात 2023 साली ती वापरली गेली. मोजणी संगणकाशिवाय जड जाते, आणि निकाल समजावून सांगायला थोडा वेळ द्यावा लागतो, तो द्यावा.

पोलंडने आणखी एक गोष्ट केली. एरवी नवा महापौर आला की हा उपक्रम बंद पडू शकतो. खुद्द पोर्तो अलेग्रेतही 2017 साली तो थांबवला गेला. पोलंडमध्ये 2018 च्या कायद्याने जिल्ह्याचा दर्जा असलेल्या शहरांवर खर्चाच्या किमान 0.5 टक्के रक्कम अशा अंदाजपत्रकासाठी ठेवण्याचं बंधन आलं. रक्कम लहान आहे, पण ती कुणाच्या मर्जीवर नाही.

[दृश्य: वहीत हाताने आखलेला एक जादा रकाना.]

मंजुरीनंतर पुस्तकात नसलेला चौथा रकाना नागरिकांनी स्वतः आखावा: पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता (अभियंत्यांची मंजुरी), निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप, देयक (ठेकेदाराचं बिल). प्रत्येकापुढे तारीख. निविदेची जागा वर्षाच्या मध्यावरही कोरी असेल, तर ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाण्याची (याला वर्गीकरण म्हणतात) शक्यता वाढते. वर्षअखेरीस काम अर्धवट राहिलं, तर उरलेल्या रकमेची तरतूद नव्या अंदाजपत्रकात पुन्हा मागावी लागते. ती मागितली नाही, तर पुढच्या पुस्तकात त्या कामाची ओळच छापली जात नाही.