एकाच दगडाची तीन नावे

6 ऑक्टोबर 2008 रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, कॅटलिना आकाश सर्वेक्षणाच्या दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांत रिचर्ड कोवाल्स्की यांना एक सरकता ठिपका दिसला. सुमारे चार मीटर रुंदीच्या त्या दगडाला ‘2008 टीसी3’ असे नाव देण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तो सुदानच्या नुबियन वाळवंटावर वातावरणात शिरणार, असे गणिताने सांगितले. पृथ्वीवर येणारा असा दगड आधीच दिसण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेव्हा तो लघुग्रह होता. तो आणखी लहान असता, तर त्याला उल्काभ म्हटले असते. कारण साधारण 30 मायक्रोमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या, अवकाशात फिरणाऱ्या घन तुकड्यांना ते नाव आहे. ही सीमा माणसाने सोयीसाठी आखलेली आहे. धूमकेतूचे मात्र वेगळे असते: तो बर्फ आणि धुळीचा बनलेला असून सूर्याजवळ आला की त्याला शेपटी फुटते आणि त्याच्या वाटेवर असंख्य उल्काभ सांडतात.

‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा वाळूच्या कणाएवढा एखादा उल्काभ सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने हवेत घुसलेला असतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, कण जळून जातो आणि आपल्याला दिसते ती प्रकाशाची रेघ, म्हणजेच उल्का. त्यातूनही वाचून जमिनीवर पोहोचतो तो दगड म्हणजे अशनी. हा मूळचा वज्रवाचक शब्द मराठीने जपला, हे फार चांगले झाले.

7 ऑक्टोबरच्या पहाटे 2008 टीसी3 सुमारे 37 किलोमीटर उंचीवर फुटला. डिसेंबरमध्ये खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद आणि खगोलशास्त्रज्ञ पीटर जेनिस्केन्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, रांग धरून, वाळवंट पायी पिंजून काढले. फिकट वाळूवर काळे तुकडे उठून दिसत होते. जवळच्या रेल्वे स्थानकावरून त्या अशनींना ‘अल्महाता सित्ता’, म्हणजे अरबीत ‘सहावे स्थानक’, हे नाव मिळाले.

प्रयोगशाळेत त्यांत अतिसूक्ष्म हिरे आढळले. शिवाय सगळे तुकडे एका जातीचे नव्हते. वेगवेगळ्या पिंडांतून आलेले खडक त्या चार मीटरच्या दगडात एकत्र सांधले गेले होते.