ई-टाइपला कोणता रंग द्यावा?

स्पोर्ट्स कार म्हटली की लाल, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गाडी पुन्हा रंगवायची वेळ आली की बहुतेक मालक शेड कार्डाची पानं उलटतच नाहीत. आज मी एकाच गाडीबद्दल बोलणार आहे, जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल. तिच्यावर या प्रश्नाच्या सगळ्या बाजू दिसतात.

१९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हात ही गाडी जगासमोर आली. पहिली दाखवली ती कूपे, म्हणजे बंद टपाची, नंबरप्लेट ‘९६०० एचपी’, रंग ओपलेसंट गनमेटल, म्हणजे मेटॅलिक करडा. फेरी मारून बघायला लोकांची एवढी झुंबड उडाली की दुसरी गाडी मागवावी लागली. नॉर्मन ड्युइस या टेस्ट ड्रायव्हरने उघड्या टपाची, ‘७७ आरडब्ल्यू’ नंबरची गाडी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून रात्रभर हाकत तिथे आणली. ती गर्द हिरवी होती. म्हणजे जिच्यावर जग भाळलं त्या दोन्ही गाड्यांत लाल एकही नव्हती.

रेसिंगमधला लाल मुळात इटलीचा. फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा. १९०३ साली गॉर्डन बेनेट शर्यत भरवायची पाळी ब्रिटनवर आली, पण तिथल्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याची आडकाठी होती, म्हणून ती आयर्लंडात झाली. यजमान भूमीच्या मानासाठी ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या, असं सांगतात. तरी लाल ई-टाइप खोटी म्हणता येणार नाही. कारखान्याच्या यादीत कार्मेन रेड होताच. माझी तक्रार आहे ती विकण्याआधी घाईघाईने लाल केलेल्या गाड्यांबद्दल.

तेव्हा आधी गाडीचा जन्माचा रंग शोधा. सुरुवातीच्या ई-टाइपवर कारखान्याने बसवलेल्या पाटीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर असतात, रंगाचा कोड नसतो. त्यासाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मागवायचा. मूळ रंग, आतल्या ट्रिमचा (सीट-अस्तराचा) रंग, गाडी कारखान्यातून कधी निघाली, कोणत्या वितरकाकडे गेली, हे सगळं त्यात येतं. मग त्याचा पडताळा गाडीवरच घ्या. दाराच्या आतलं पॅनल काढा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. जिथे ऊन आणि पॉलिश पोचत नाही तिथे जुना रंग बहुधा टिकून असतो.

यात नुसता इतिहासाचा सोस नाही. ई-टाइपचं बोनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाक. ते पुढच्या बाजूला उघडलं की आतली बाजू, इंजिन धरून ठेवणारी चौकोनी नळ्यांची फ्रेम, सगळं उघडं पडतं आणि ते बॉडीच्याच रंगात असतं. म्हणजे रंग बदलायचा तर इंजिन बाहेर काढायची तयारी हवी. दारांच्या कडा, डिकी, रबराखालच्या खाचा वेगळ्याच. हे टाळून वरवर रंगवलेली गाडी बोनेट उघडताच चुगली करते. शिवाय आतलं लेदर जुन्या रंगाला धरून निवडलेलं. साडी बदलली आणि ब्लाउज जुनाच, अशी गत होते. मूळ रंग पवित्र वगैरे आहे असं मी मानत नाही, पण उरलेल्या गाडीचं ज्याच्याशी आधीच जमलेलं आहे, असा रंग तो एकच.

आता प्रकाशाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. माल्कम सेयर हा माणूस ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीतून आलेला. हवा कशी वाहील याच्या गणितातून त्याने ही बॉडी आखली. तिच्यावर सपाट जागा जवळजवळ नाहीच. ओपलेसंट रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. समोरून पाहिलं तर रंग उजळ, तिरक्या नजरेने तोच गडद. म्हणून ओपलेसंट सिल्व्हर ब्लूमधलं बोनेट मधल्या फुगवट्यावर चमकतं आणि कडेला उतरताना काळवंडतं. लाल किंवा क्रीमसारख्या सॉलिड रंगात हा खेळ कमी, तिथे आकाराची बाहेरची रेघ बोलते. काळा मात्र निष्ठुर. पुट्टी एक केसभर जरी वरखाली असेल तरी त्यात दिसते.

मेटॅलिकची किंमत पुढे मोजावी लागते. स्प्रे गनचं अंतर, हवेचा दाब, हात फिरवण्याचा वेग, यातलं काहीही बदललं की कण वेगळे बसतात आणि त्याच डब्यातला रंग वेगळा दिसतो. उद्या दाराला ओरखडा गेला तर पेंटरला शेड शेजारच्या पॅनलपर्यंत विरवत न्यावी लागते. सॉलिड रंगाची दुरुस्ती त्यामानाने सोपी. रोज चालवायची गाडी असेल तर मी सॉलिडच सांगतो.

आणि कार्डावरच्या चौकोनी तुकड्यावर निर्णय घेऊ नका. जुनं फेंडर किंवा कुठलंही वाकदार पत्र्याचं पॅनल त्याच बेस कोटने (रंगाचा थर) आणि क्लिअर कोटने (वरचा पारदर्शक थर) रंगवा. मूळच्या काळी वर वेगळा क्लिअर थर नसे, त्यामुळे आजचं काम जास्त काचेसारखं दिसतं. ते चालणार आहे का, हेही तेव्हाच कळतं. पॅनल सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बाहेर ठेवून पाहा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या दोन शेड उन्हात वेगळ्या निघतात, हा पिगमेंटचा गुण, पेंटरचा दोष नव्हे.

जन्माचा रंग अगदीच नावडता असेल तर? तर त्याच वर्षाच्या यादीतला दुसरा घ्या, लेदरशी जमणारा. आजच्या गाड्यांचे मोत्यासारखे झगमगते रंग या बॉडीला शोभत नाहीत, हे माझं मत. वाद घालायला हरकत नाही.

आपल्याकडच्या मालकांनी एक ध्यानात ठेवावं. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर ती मूळ रूपात असावी लागते. तेव्हा इंजिन उतरवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि रंग मिसळून झाला की त्याचा फॉर्म्युला दुकानदाराकडून लिहून घ्या.