तीन टेबलं, एक अहवाल

[दृश्य: पुणे, गुलटेकडीचं मार्केट यार्ड. पहाट. ट्रकमधून माल उतरतोय.]

मार्केट यार्डात उजाडायच्या आतच सौदे सुरू होतात. आडत्याच्या संगणकात मात्र दिवसाचा हिशोब तीन टेबलांत विखुरलेला असतो: विक्री, गाळ्याचा खर्च आणि कामगारांची उचल. या तिघांना बांधणारा क्रमांक कुठेच नाही. वीजबिलावर विक्रीच्या पट्टीचा नंबर असणार तरी कुठून? मालकाला मात्र एकच कागद हवा: आज किती आले, किती गेले.

[दृश्य: पडद्यावर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न.]

तारीख सगळीकडे आहे, म्हणून हात आपोआप जॉइनकडे, म्हणजे टेबलांच्या ओळी शेजारी-शेजारी जोडण्याकडे जातो. समजा, एका दिवशी विक्रीच्या ३ नोंदी आहेत: १,२००, ८०० आणि ५०० रुपये. खर्चाच्या २: ३०० आणि २००. तारखेवर जॉइन केला की प्रत्येक विक्रीसमोर प्रत्येक खर्च येतो, ओळी होतात ६. बेरीज घ्या: २,५०० ची विक्री ५,००० दिसते, ५०० चा खर्च १,५००. क्वेरी बिनतक्रार चालते, एरर येत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून टेबलं शेजारी-शेजारी न जोडता एकाखाली एक लावायची. प्रत्येकातून तीनच कॉलम उचला: तारीख, प्रकार, रक्कम. प्रकारात ‘विक्री’, ‘खर्च’, ‘उचल’ हे शब्द आपणच घालायचे. खर्च आणि उचलीची रक्कम उणे करायची. मध्ये युनियन ऑल, म्हणजे ओळी एकाखाली एक जोडणारी आज्ञा, आणि त्या सगळ्यावर तारखेनुसार ग्रुप बाय, म्हणजे प्रत्येक तारखेची वेगळी बेरीज. कॉलमांचा क्रम तिन्हीकडे तोच ठेवा. डेटाबेस इथे नावं बघत नाही, जागा बघतो.

‘ऑल’ विसरू नका. नुसतं युनियन हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवतं. दोन कामगारांनी एकाच दिवशी ५००-५०० उचलले, तर एकाचे ५०० हिशोबातून गायब.

[दृश्य: गाळ्यावर सौदा. भिंतीवरच्या घड्याळात पाच.]

आता वेळ. बरेच सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ साठवतात, आपण साडेपाच तास पुढे. सकाळी दहाला उघडणाऱ्या दुकानाला हे जाणवतही नाही, पण यार्डातला पहाटे पाचचा सौदा थेट आदल्या दिवसात जाऊन पडतो. आधी भारतीय वेळ करून घ्या, मगच तारीख काढा.

गाळा बंद असलेली तारीखही अहवालात हवी असेल, तर तारखांचं वेगळं टेबल ठेवा, आधी दिवसाच्या बेरजा करा आणि मग त्या टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे बेरीज नसली तरी तारीख राहते. रिकाम्या रकमेच्या जागी कोअलेस हे फंक्शन वापरून ० आणा.