खेळाडू सांगतो तेव्हा ऐकणारे कोण असतात

(क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षकांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

व्यावसायिक खेळातल्या एखाद्या पुरुषाने 'मी गे आहे' असं जाहीर केलं की वर्तमानपत्रं त्याच्या धाडसाबद्दल भरभरून लिहितात. ते धाडस असतंच. पण समोर तुम्ही सगळे शिकवणारे बसला आहात, म्हणून मी आज त्याच्या धाडसापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल जास्त बोलणार आहे. ही उदाहरणं वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. खेळाडू तोंड उघडतो त्याच्या कितीतरी आधी, त्याला बोलता येणार की नाही हे दोन-चार माणसांच्या वागण्याने ठरून गेलेलं असतं. त्यातला पहिला माणूस बहुतेक वेळा प्रशिक्षक असतो.

जस्टिन फॅशानू या इंग्लिश फुटबॉलपटूपासून सुरुवात करतो. जन्म १९६१ चा, लंडनचा. वडील नायजेरियाचे, आई गयानाची. आईवडील वेगळे झाले आणि जस्टिन व त्याचा धाकटा भाऊ जॉन बालगृहात गेले. पुढे नॉर्फोकमधल्या एका गोऱ्या कुटुंबाने दोघांना वाढवलं. फेब्रुवारी १९८० मध्ये नॉर्विच सिटीकडून खेळताना त्याने लिव्हरपूलवर केलेला गोल आजही दाखवतात. गोलकडे पाठ होती. आलेला चेंडू त्याने उजव्या पायाने हलकेच वर उचलला, जागच्या जागी वळला आणि चेंडू खाली पडायच्या आत डाव्या पायाने लांबून जाळ्यात मारला. तो सामना नॉर्विच हरलं, पण बीबीसीने त्या हंगामातला सर्वोत्तम गोल म्हणून तोच निवडला. मुलगा तेव्हा अजून एकोणीसचाही झाला नव्हता.

१९८१ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. फॉरेस्ट म्हणजे १९७९ आणि १९८० असं लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकलेला क्लब, आणि त्यांचा व्यवस्थापक होता ब्रायन क्लफ. इंग्लिश फुटबॉलमधल्या सर्वांत मोठ्या शिक्षकांमध्ये त्याची गणना होते. फॅशानू गे लोकांच्या क्लबात जातो हे क्लफच्या कानावर आलं. त्याने पोराला बोलावून घेतलं. पुढचं संभाषण क्लफने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पाव हवा असेल तर कुठे जातोस? बेकरीत. मटण हवं असेल तर? खाटकाकडे. मग त्या तसल्यांच्या क्लबात कशाला जातोस? 'तसल्यांच्या' हा शब्द मी सौम्य करून सांगितला. मूळ शब्द शिवी आहे.

या प्रसंगावर जरा थांबायला हवं. फॅशानूने तोपर्यंत कुणालाही काहीही सांगितलेलं नव्हतं. त्याला सांगायची वेळच आली नाही, उत्तर आधीच मिळालं. नंतर क्लफने त्याला निलंबित केलं, आणि तरीही तो सरावाला आला तेव्हा पोलीस बोलावून मैदानाबाहेर काढलं. दहा लाखांचा हा खेळाडू फॉरेस्टकडून लीगमध्ये बत्तीस सामने खेळला आणि त्याचे गोल झाले तीन. दीड वर्षाच्या आत दीड लाख पौंडांना तो शेजारच्या नॉट्स काउंटीला विकला गेला. त्याचा खेळ फक्त याच कारणाने घसरला असं मी म्हणणार नाही. किमतीचं ओझं होतं, प्रेक्षकांचा वर्णद्वेष होता, पुढे गुडघ्याची दुखापतही झाली. पण एकवीस वर्षांच्या मुलाला ज्या माणसाकडून शिकायचं होतं, त्याच माणसाने त्याला सर्वांसमोर परकं केलं, ही गोष्ट या यादीतून वगळता येत नाही.

ऑक्टोबर १९९० मध्ये 'द सन' या दैनिकातून फॅशानूने आपण गे असल्याचं जाहीर केलं. व्यावसायिक कारकीर्द चालू असताना असं सांगणारा इंग्लंडमधला तो पहिला फुटबॉलपटू. जॉनही तोवर नावाजलेला फुटबॉलपटू झाला होता, इंग्लंडकडून खेळला होता. त्याने दुसऱ्या एका वृत्तपत्रातून भावाशी जाहीरपणे संबंध तोडले. या वागण्याचा जॉनला पुढे पश्चात्ताप झाला आणि तो त्याने जाहीरपणे बोलूनही दाखवला, पण तोवर जस्टिन राहिला नव्हता. १९९८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फॅशानूने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत तो नाकारला आहे. खटला कधी झालाच नाही, त्यामुळे त्याबाबत मी काही निवाडा देऊ शकत नाही. त्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला.

फॅशानूच्या १९९० मधल्या त्या जाहीर बोलण्यानंतर इंग्लंडच्या पुरुष फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत खेळत असलेला दुसरा एक फुटबॉलपटू बोलला तो थेट मे २०२२ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षं गेली. चार विभाग म्हणजे ब्याण्णव क्लब, दर हंगामात काही हजार खेळाडू. एवढ्यांत एकही गे नव्हता यावर कुणाचा विश्वास बसेल? असे खेळाडू होते, पण त्यांनी फॅशानूचं काय झालं ते पाहिलेलं होतं. जर्मनीकडून बावन्न सामने खेळलेला थॉमस हिट्झल्सपर्गर बोलला, पण जानेवारी २०१४ मध्ये, निवृत्त झाल्यावर.

२०२२ मध्ये बोलला तो ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय सतरा. त्याने आधी आई आणि बहिणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी युवा संघाच्या सामन्यात ॲक्रिंग्टनविरुद्ध चार गोल मारले. हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं. खेळ शिकवणाऱ्या माणसाने ही गोष्ट नीट कान देऊन ऐकावी. आपण पोरांना सांगतो, डोकं खेळात ठेव. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस 'मी काय बोललो, कुणाकडे किती वेळ बघितलं, कुणाला संशय तर आला नाही ना' हेच चालू असतं, त्याने डोकं खेळात ठेवायचं कसं? क्लबला त्याने कळवलं तेव्हा क्लब त्याच्या पाठीशी उभा राहिला. संघातल्या मुलांनी विचारलं, आधीच का नाही सांगितलंस?

क्रिकेटमध्येही असंच एक उदाहरण आहे, आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नसतं. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस. २०१०-११ च्या ॲशेस दौऱ्याआधी त्याने प्रशिक्षक अँडी फ्लॉवरला सांगितलं, मग संघाला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जगाला. खेळत असताना हे जाहीर करणारा तो पहिला आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटपटू. जगाचा नंबर शेवटी लागला, हे लक्षात घ्या. प्रशिक्षकाच्या पायरीवरच तो अडला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता बास्केटबॉल. एप्रिल २०१३ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला जेसन कॉलिन्स एका क्रीडा साप्ताहिकात स्वतः लेख लिहून बोलला. वय ३४, बारा हंगाम खेळलेला. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फोन करून कौतुक केलं. कौतुक झालं, पण नवा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्या हातात करार नव्हता. चौतिशीतला, फारसे गुण न मिळवणारा, फक्त अडवणारा खेळाडू एरवीही बाजूला पडतो, हे खरं. पण कारण कुठलं हे बाहेरच्याला कधीच सिद्ध करता येत नाही, आणि संघाच्या खेळातली भीती नेमकी हीच आहे. संघात न घेण्याची कारणं नेहमीच हाताशी असतात. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रुकलिन नेट्सने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतलं. तिथला प्रशिक्षक जेसन किड हा पूर्वी त्याच्याच संघात खेळलेला. कॉलिन्सच्या जर्सीवरचा अंकही सांगतो: ९८. वायोमिंगमध्ये १९९८ साली मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला तो गे असल्यामुळे मारून टाकण्यात आलं, त्याच्या आठवणीचा तो अंक. कॉलिन्स जाहीरपणे बोलला त्याच्या आधीपासून तो अंगावर घालत होता, पण का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

वैयक्तिक खेळात थोडा फरक पडतो. मे २०१९ मध्ये ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने आपण एका मुलीवर प्रेम करतो हे सांगितलं. असं उघड बोलणारी ती भारताची पहिली खेळाडू. विणकराच्या घरातली, जाजपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं सांगणारा, कलम ३७७ बद्दलचा सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या पाठीशी होता. गावातून विरोध झाला, घरातूनही झाला. पण जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने शंभर मीटर ११.३२ सेकंदांत पळून सुवर्ण जिंकलं. घड्याळाने दिलेली वेळ कुणाला नाकारता आली नाही. कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये शेवटचे अकरा-बारा जण निवडताना असं घड्याळ नसतं, तिथे माणूस बसलेला असतो.

महिलांच्या खेळात आज मोकळेपणा जास्त दिसतो, तोही फुकट मिळालेला नाही. १९८१ साली टेनिसपटू बिली जीन किंगचं एका बाईशी असलेलं नातं कोर्टाच्या दाव्यातून उघड झालं आणि तिचे जाहिरातींचे करार बघता बघता हातचे गेले. टेनिसमधल्याच मार्टिना नवरातिलोव्हाला तर भीती होती की अमेरिकेचं नागरिकत्वच मिळणार नाही. ते मिळालं आणि लगेच एका वर्तमानपत्राने तिची गोष्ट छापली. या बायकांनी जे सोसलं त्यावर पुढच्या उभ्या आहेत. २६ मार्च २०२३ ला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगची पहिली अंतिम लढत झाली. मुंबई इंडियन्सच्या नॅट सिव्हर-ब्रंटने नाबाद ६० धावा करून ती जिंकून दिली. तिच्या आडनावातलं 'ब्रंट' हे तिच्या पत्नीचं, इंग्लंडची माजी वेगवान गोलंदाज कॅथरिन ब्रंटचं. त्याच सामन्यात दिल्लीकडून खेळणारी मारिझान काप हिचंही लग्न दक्षिण आफ्रिकेची कर्णधार राहिलेल्या डेन व्हान नीकर्कशी झालेलं. चर्चगेटच्या गर्दीने दोघींच्या खेळाला टाळ्या दिल्या. आईवडील लहान मुलींना घेऊन आले होते, कुणाचं काही बिघडलं नाही. मला त्या संध्याकाळचा अभिमान वाटतो. पण त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे परदेशी पाहुणीसाठी आपण टाळ्या वाजवतो, आणि आपल्या मुलीला तेच आयुष्य या देशात कायद्याने जगता येत नाही. भारताकडून खेळलेल्या एकाही पुरुष क्रिकेटपटूने आजवर आपण गे आहोत असं जाहीर केलेलं नाही.

आपल्याकडे या भीतीला पोटापाण्याचीही बाजू आहे. आपला कबड्डीपटू, खो-खोपटू, पैलवान रेल्वेत, पोलिसांत, बँकेत लागण्यासाठी खेळतो. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्या प्रमाणपत्रावर घर उभं राहतं, बहिणीचं लग्न होतं. संघातून नाव कटलं की प्रमाणपत्र गेलं. तालमीत वस्तादाच्या शब्दापुढे कुणी जात नाही, शिबिरात दहा-बारा पोरं एका खोलीत झोपतात. असा मुलगा सांगणार तरी कुणाला?

आणि आपण त्याला रोज काय ऐकवतो? चढाई फसली की 'बायल्यासारखा काय खेळतोस', झेल सुटला की 'बांगड्या भर'. मैदानाच्या कडेने हे वाक्य आलं नाही असा शालेय सामना मी क्वचितच पाहिला आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पण वीस मुलांच्या रांगेत एक जण ते वेगळ्या कानाने ऐकतो, आणि सर आपल्याबद्दल काय बोलतील हे त्याला त्याच दिवशी कळतं. मग तो आयुष्यभर तुमच्या पाया पडेल, पण तुमच्याशी बोलणार नाही. क्लफने एका मुलाला खोलीत बोलावून सांगितलं, आपण तेच रांगेतल्या सगळ्यांना सांगतो.

तुमच्यापैकी काहींनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, वेळ आहे तोवर दोन घेतो.

पहिली: 'मुलाने असं सांगितलं तर डॉक्टरकडे न्यावं का?' नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हे आजारांच्या यादीतून काढलं. 'बदलून देतो' म्हणणारे उपचार करणं हे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मुलगा खचलेला असेल, झोपत नसेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाची मदत त्याच दिवशी घ्या, ती त्या त्रासासाठी.

दुसरी चिठ्ठी: 'पालकांना कळवणं शिक्षक म्हणून आमचं कर्तव्य नाही का?' प्रश्न प्रामाणिक आहे. एखादी मोठी व्यक्ती मुलाचं लैंगिक शोषण करत असेल, तर पॉक्सो कायद्याने तुम्हाला ते कळवावंच लागतं, तिथे गप्प बसणं हा गुन्हा आहे. पण मुलाने फक्त स्वतःबद्दल सांगितलं असेल, तर ती गोष्ट त्याची आहे. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. तुम्ही घरी फोन केलात तर काही घरांत त्या मुलाचा खेळ त्या संध्याकाळी बंद होतो, काही घरांत मार पडतो. त्याला विचारा, घरी कुणी ऐकून घेईल असं आहे का. मावशी, मोठी बहीण, आजोबा, कुणीही. नसेल तर घाई करू नका. त्याची खोली बदलू नका, संघातली जागा बदलू नका, इतर शिक्षकांशी चहाच्या टपरीवर बोलू नका. आणि संघातल्या कुणी त्याला त्रास दिला, तर उशिरा येणाऱ्याला जितक्या कडकपणे बोलता तितक्याच कडकपणे त्या मुलाला बोला, सगळ्यांसमोर.