फिनिशची लेव्हल का स्लॅबची?

(पडद्यावर: पुठ्ठ्याचा मोठा खोका उघडतोय. आत मोडकी मॉडेल्स.)

हा खोका. साडेचार वर्षांचा सगळा माल यात आहे, म्हणजे जो टिकला तेवढाच, कारण मॉडेल ही वस्तू ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, संपल्यावर अर्ध्या तासात कुणाचं तरी कोपर लागून मोडते आणि जे वाचतं ते रूम बदलताना जातं. हे वरचं पांढरं दिसतंय ते सेकंड इयरचं वीकेंड हाऊस. सनबोर्डच्या थरांचं आहे ती लायब्ररी. आणि सगळ्यात खाली दबून सपाट झालंय ते हॉस्पिटल, ते खरं तर सहा मजली होतं.

मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हिडिओ करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता पोर्टफोलिओ फिरवून दाखवणार, छान रेंडर्स (कॉम्प्युटरवर केलेली बिल्डिंगची चित्रं), संध्याकाळचं आकाश, काचेतून येणारा पिवळा उजेड आणि समोरून फुगा घेऊन पळणारी ती मुलगी, जी जगातल्या प्रत्येक स्टुडंटच्या रेंडरमधे पळतच असते. माझ्याकडे पण आहे ती. पण ते बघून मला काय येतं आणि काय येत नाही हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून मी फक्त जिने दाखवणार आहे.

हो, जिने. कारण माझं प्रत्येक प्रोजेक्ट जिन्यात अडकलंय.

(पडद्यावर: पांढऱ्या घराचं मॉडेल, जवळून.)

हे घर. याचा कॉन्सेप्ट होता ‘दोन तळहातांमधली ओंजळ’. आता हसू येतं, पण तेव्हा रात्रभर जागून मी त्या ओंजळीवर अख्खी शीट केली होती. ज्यूरीत सरांनी ती शीट वाचलीच नाही. त्यांनी मॉडेलचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं, दोन बोटं आत घातली आणि ती बोटं माणसासारखी चालवत जिना चढायला लागले, एक पायरी, दोन पायऱ्या, आणि बाराव्या पायरीवर थांबले. म्हणाले, याचं डोकं आपटलं.

बरोबरच होतं. वरून बीम जात होती. पायरी आणि बीम यांच्यात १५५० मिलिमीटर उरले होते आणि लागतात साधारण २१००. म्हणजे माझ्या ओंजळीत फक्त लहान मुलं चढू शकत होती. मला विचारलं, सेक्शन काढला नव्हतास का? काढला होता ना! पण जिथून जिना जात नाही तिथून काढला होता, कारण तिथून सोपा होता.

हे जरा सांगते. सेक्शन म्हणजे बिल्डिंग सुरीने उभी कापली तर आत जे दिसेल ते. प्लॅनमधे, म्हणजे वरून दिसणाऱ्या नकाशात, लपवाछपवी चालते, एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारा चेहरा, तर मेकअपच असतो, पण सेक्शनमधे उंची दिसते आणि उंचीला खोटं बोलता येत नाही. मात्र कुठून कापायचं हे तुमच्या हातात असतं, आणि बहुतेक स्टुडंट्स (मी धरून) जिथे काही घडत नाही तिथूनच कापतात.

त्यानंतर बसून जिन्याचं गणित शिकले. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३००० मिलिमीटर असतील आणि पायरीची उंची, म्हणजे रायझर, १५० धरला तर २० रायझर होतात. मधे लँडिंग घेऊन वळणारा जिना केला तर एका फ्लाइटला, म्हणजे सलग चढाला, १० रायझर. पण पाय ठेवायच्या पायऱ्या, म्हणजे ट्रेड, दहा नाही तर नऊच, कारण दहावा पाय लँडिंगवर पडतो. ३०० चा ट्रेड धरला तर फ्लाइटची लांबी २७०० येते, ३००० नाही. हा एक पायरीचा घोळ फर्स्ट इयरपासून फायनलपर्यंत लोक घालतात, खरंच घालतात. आणि १५० आणि ३०० हे आकडे पण कुणाला स्वप्नात आलेले नाहीत. १७व्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने माणसाच्या पावलाच्या अंतरावरून नियम बसवला, रायझरची दुप्पट अधिक ट्रेड मिळून एक पाऊल व्हायला हवं. आजही साधारण ६०० ते ६४० मधे तेच धरतात. पाय वर उचलायला पुढे टाकण्यापेक्षा दुप्पट कष्ट पडतात असा साधा हिशोब आहे तो. साडेतीनशे वर्षं झाली, पाय तेच आहेत.

(पडद्यावर: लायब्ररीचं मॉडेल. मधे मोठ्या बैठ्या पायऱ्या.)

थर्ड इयरला लायब्ररी. तेव्हा ज्याच्या त्याच्या प्रोजेक्टमधे बसायच्या मोठ्या पायऱ्या होत्या, तशा मी पण घातल्या. ४५० उंचीच्या बसायला आणि त्यांच्या कडेने १५० च्या चालायला. मॉडेलमधे भारी दिसत होत्या, छोटी पुठ्ठ्याची माणसं बसवली होती पुस्तकं घेऊन. बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या एका एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं, व्हीलचेअरवरचा माणूस कुठून येतो? मी म्हटलं रॅम्प आहे की, आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. तो कचऱ्याच्या खोलीला लागून होता. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

रॅम्पचा उतार १:१२ लागतो. म्हणजे ९०० चढायचं असेल तर १० मीटर ८० सेंटिमीटर रॅम्प, मधलं सपाट लँडिंग वेगळं. एवढी जागा शेवटच्या दिवशी उरत नाही, म्हणून तो मागे जातो. आधी रॅम्प काढला असता तर अख्खी लायब्ररी वेगळी झाली असती.

त्याच सेमिस्टरला हिस्टरीत माया लिनचं काम वाचलं. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची स्पर्धा होती, १४२१ एंट्रीज आल्या होत्या, ज्यूरीसमोर नावं नाहीत फक्त नंबर, आणि जिंकली एकवीस वर्षांची येलमधली विद्यार्थिनी, आणि ते डिझाईन तिने क्लासच्या असाइनमेंटसाठी केलं होतं! यावर सगळे ‘वा, किती लहान वयात’ म्हणतात. मी मात्र त्याचा सेक्शन बघत बसले. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, प्रत्येकी साधारण ७५ मीटर लांब, सगळ्यात खोल जागी तीनेक मीटर. खाली जायला पायरी नाही. एकही नाही. नुसता हलका उतार, चालता चालता भिंत तुमच्या डोक्याच्या वर जाते. व्हीलचेअरवर आलेला माणूस पण तिथूनच जातो जिथून बाकी सगळे जातात. माझ्या कचऱ्याच्या खोलीजवळच्या रॅम्पची तेव्हा जी लाज वाटली ती मॅडमसमोर पण वाटली नव्हती.

हॉस्पिटलबद्दल फार बोलत नाही, ते प्रोजेक्ट मलाच आवडत नाही. लँडिंग १२०० चं ठेवलं होतं आणि स्ट्रेचर साधारण दोन मीटरचं, वळवून दाखव म्हटल्यावर वळेचना. पण त्यासाठी केस स्टडी म्हणून फिनलंडचं पाइमियोचं टीबी सॅनेटोरियम अभ्यासलं होतं, अल्वार आल्टो या आर्किटेक्टचं, १९३३ चं, आणि ते डोक्यातून जात नाही. पेशंट दिवसभर आडवा असतो, म्हणजे त्याच्यासाठी छत हीच भिंत, म्हणून छताला गडद हिरवा रंग दिला, दिवा थेट डोळ्यात येणार नाही असा लावला. बेसिनची तिरकी बाजू अशी की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारचा पेशंट झोपलेला असतो. जिन्याची जमीन पिवळी. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमधे कुणीतरी बेसिनमधल्या पाण्याच्या आवाजाचा विचार केलाय. मला असं काम करायचंय हे तेव्हा कळलं, कसं करायचं ते नाही कळलं.

ते कळलं इंटर्नशिपमधे.

(पडद्यावर: बांधकाम चालू असलेली साईट. सेंटरिंग, सळया.)

ऑफिस छोटं होतं, नाव सांगत नाही. पहिले दोन महिने टॉयलेट डिटेल. टाइल कुठून सुरू करायची, नहाणी ट्रॅप कुठे, उतार कुणीकडे. मग एका तीन मजली बिल्डिंगच्या जिन्याचं ड्रॉइंग दिलं. मी खूश, जिना तर आपला विषय. २० रायझर, १५० चे, ट्रेड ३००, हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) बरोबर, सेक्शन यावेळी बरोब्बर जिन्यातूनच कापलेला. सिनियरने बघितलं, साईटवर गेलं.

दुसऱ्या आठवड्यात साईटवर गेले तर सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलं होतं, दुसऱ्या दिवशी काँक्रीट होतं. मिस्त्री माझी प्रिंट घडी घालून हातात धरून उभे. म्हणाले, मॅडम, ही लेव्हल फिनिशची का स्लॅबची?

मला प्रश्नच कळला नाही. म्हणजे शब्द कळले.

त्यांनी खिशातून खडू काढला आणि तिथेच प्लायवर समजावून सांगितलं. काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या १५० च्या ओतल्या. मग वर फिनिश येणार. खालच्या मजल्यावर फ्लोअरिंग आणि खालचा माल मिळून ६० मिलिमीटर. पायऱ्यांवर आणि लँडिंगवर दगड पातळ, मालासकट ३०. आता मोजा. पहिल्या पायरीशी जमीन ६० ने वर आली, पायरी ३० ने, म्हणजे पहिली पायरी १२० ची झाली. सगळ्यात वरती पायरी ३० ने आणि मजला ६० ने वर गेला, म्हणजे शेवटची १८० ची. मधल्या सगळ्या १५०. ड्रॉइंगमधे सगळ्या सारख्या, आणि बांधल्यावर पहिली बुटकी आणि शेवटची उंच.

आणि पायाला हे लगेच कळतं, डोळ्यांना कळत नाही हीच भानगड आहे. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची पाठ करतो आणि मग आपण खाली बघतच नाही. एखादी पायरी वेगळी आली की ठेच. अमेरिकेतल्या बिल्डिंग कोडमधे एका फ्लाइटमधल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या रायझरमधे फक्त साडेनऊ मिलिमीटरचा फरक चालतो. माझ्या वरच्या फ्लाइटमधे ३० चा फरक होता आणि खालच्या पण.

उपाय सोपा होता, खालची पहिली काँक्रीटमधे १८० ची करायची आणि वरची शेवटची १२० ची, म्हणजे फिनिश झाल्यावर सगळ्या १५०. पण त्यासाठी मधलं सगळं सेंटरिंग ३० ने उचलावं लागलं, अर्धा दिवस गेला आणि मी तो अर्धा दिवस तिथेच उभी होते. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीवर फिनिशच्या लेव्हलच्या खुणा केल्या, मग त्या खुणांवरून खाली माप घेत घेत प्रत्येक पायरी मारली. म्हणजे ते उलटीकडून विचार करत होते. आधी माणूस जिथे पाय ठेवणार ती रेघ, काँक्रीट नंतर. मी काँक्रीट काढलं होतं आणि त्याला जिना म्हणत होते. ओरडले वगैरे नाहीत ते, उलट म्हणाले ड्रॉइंग स्वच्छ आहे. ते जास्त लागलं.

(पडद्यावर: थिसिसच्या शीट्स.)

आता थिसिस चालू आहे, हाऊसिंग. अलेहान्द्रो आरावेना या आर्किटेक्टच्या ऑफिसने चिलीमधे इकीकेला ९३ कुटुंबांसाठी घरं केली २००४ मधे, किंता मोनरॉय म्हणून. पैसे पूर्ण घराला पुरत नव्हते, तर अर्धंच घर बांधलं आणि उरलेलं लोकांनी आपापलं वाढवायचं. पण अर्धं कुठलं? जे लोकांना स्वतःला करणं अवघड ते. स्ट्रक्चर, किचन, बाथरूम आणि जिना. २०१६ ला त्याला प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं मोठं बक्षीस, मिळालं तेव्हा सगळ्यांनी ‘अर्धं घर’ हे धरलं, मी जिना धरला. माझ्या थिसिसमधे ४० घरं आहेत आणि जिना बाहेरून आहे, पुढे वरचा मजला वाढवला तरी खालच्याच्या घरातून जावं लागू नये म्हणून. अजून गाईडला पटलेला नाहीये. तो जिना कुणाचा, झाडणार कोण, हा त्यांचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पुढे काय, हे सगळे विचारतात. एक मैत्रीण अर्बन डिझाईनला चालली आहे, एक मित्र गेमिंग कंपनीत गेलाय, तिथे त्याच्या इमारतींना ग्रॅव्हिटी पण लागत नाही. मोठ्या नावाच्या स्टुडिओत रेंडर करत बसायचं मला नकोय, आणि ‘शिकायला मिळेल’ म्हणून फुकट राबायचं तर अजिबात नकोय, ड्रॉइंग काढणारीला पण भाडं द्यावं लागतं. मला दहा-बारा लोकांचं ऑफिस हवंय जिथे ज्याने ड्रॉइंग काढलं त्यालाच साईटवर पाठवतात. दोन-तीन वर्षं नुसती वर्किंग ड्रॉइंग्ज. रेव्हिट हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नीट शिकायचंय, एस्टिमेट वाचता यायला हवं. लायसन्स. स्वतःचं ऑफिस नंतर कधीतरी, त्याची आत्ता घाई नाही, आधी दहा जिने विना-अर्ध्या-दिवसाचे काढून दाखवायचे आहेत मला.

कार्लो स्कार्पा म्हणून इटालियन आर्किटेक्ट होता. व्हेनिसमधे त्याच्या ऑलिव्हेटी शोरूमचा जिना आहे, संगमरवराची एकेक फळी सुटी सुटी तरंगल्यासारखी. जिना त्याच्याइतका कुणी जपला नसेल असं मला वाटतं. तो १९७८ मधे जपानला सेंदाईमधे जिन्यावरून पडून गेला. हे का सांगितलं माहीत नाही. लेव्हल लिहिताना आठवतं मला एवढंच.

(पडद्यावर: पूर्ण झालेला जिना. कॅमेरा खालच्या लँडिंगवर स्थिर.)

हा तोच जिना. गेल्या महिन्यात बघायला गेले होते, टेप घेऊन. पहिली १५०. शेवटची १५२. मग कॅमेरा लावून तासभर बसले. एक काका पिशव्या घेऊन आले, दोन मुलं पळत गेली. आणि या बाई, फोनवर कुणाशी तरी भांडत भांडत वरपर्यंत गेल्या बघा. एकदाही खाली बघितलं नाही त्यांनी.